ओटीवरून : घटकाभराचा गोल्फ

नाशकांत आमच्या घरापासून पाऊण मैलावर एक विस्तीर्ण मैदान आहे. त्याचें कागदोपत्रीं नांव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. परंतु रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सारे त्यास 'गोल्फ क्लब' म्हणूनच ओळखतात. आमचीं चाळीस वर्षें त्याच्या कडेनें शाळेस जाण्यायेण्यांत गेलीं. तेथें आम्हीं रणजी करंडकाचे सामने पाहिले, पुढाऱ्यांच्या सभा ऐकिल्या, पहाटे पळणारे आणि सायंकाळीं चालणारे लोक पाहिले. मात्र गोल्फ खेळणारा एकहि मनुष्य पाहिला नाहीं. साहेब गेला, त्याचा खेळ गेला, नांव तेवढें मागें राहिलें. वर्गांतील एखाद्या चौकस मुलानें "गुरुजी, गोल्फ म्हणजे काय?" असें विचारलेंच, तर "ज्यास दुसरा उद्योग नाहीं त्याचा उद्योग" असें उत्तर देऊन आम्ही मोकळे होत असूं. मुलें हंसत, आणि आम्हांस आपण फार मार्मिक बोललों असें वाटे.

तें उत्तर गेल्या वर्षीं आम्हांस परत घ्यावें लागलें. सबंध नव्हे, पण बरेंचसें. तें कसें, हें या खेपेस वाचकांस सांगावयाचें आहे.

आमचा थोरला पुतण्या स्कॉटलंडांत एडिंबरो शहरीं एका इस्पितळांत डॉक्टर आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयतां ज्येष्ठ-आषाढाचे दोन महिने त्याच्याकडे जाऊन राहिलों. आमच्या कुटुंबास कोणाच्याहि घरीं झाडलोट केल्यावांचून चैन पडत नाहीं. मग हें तर पुतण्याचें घर. चौथ्याच दिवशीं त्यांनीं जिन्याखालचें कपाट उघडलें आणि आंतून एक लांबट, जड पिशवी बाहेर ओढली. पिशवींत चौदा काठ्या, आणि काठ्यांवर कोळ्यांचीं जाळीं. सूनबाई स्वयंपाकघरांतून आल्या, पिशवी पाहून क्षणभर थबकल्या आणि मग खालच्या आवाजांत म्हणाल्या, "काकू, मीं त्यांना जाऊं नका असें कधींच म्हटलें नाहीं. एका रविवारीं इतकेंच म्हटलें कीं, बाळाला ताप आहे. त्या दिवशीं संध्याकाळीं त्यांनीं पिशवी जी आंत ठेवली, ती सहा वर्षें बाहेर काढलेली नाहीं. काढा म्हटलें तर 'वेळ कुठें आहे?' म्हणतात. माझ्यावर राग नाहीं, हें मला ठाऊक आहे. पण केरसुणी काढायला कपाट उघडलें कीं ती पिशवी दिसते."

ज्या घरांत भांडण होतें त्या घरांतलें दुःख शेजाऱ्यांनाहि कळतें. ज्या घरांत भांडणच होत नाहीं, तेथें तें असें कपाटांत जाऊन बसतें.

आतां वाचकांपैकीं पुष्कळांनीं हा खेळ दूरचित्रवाणीवर ओझरताच पाहिलेला असेल, म्हणून त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगणें प्राप्त आहे. गोट्या खेळतांना मुलें टांच फिरवून जमिनींत खळगी करितात ना, तशीच येथेंहि एक खळगी असते. तिचा व्यास सव्वाचार इंच. तेथून कांहीं शें यार्डांवर उभें राहून लहानसा टणक चेंडू काठीनें मारीत मारीत, शक्य तितक्या कमी फटक्यांत त्या खळगींत घालावयाचा. आरंभाच्या जागेपासून खळगीपर्यंतच्या सर्व टप्प्यास 'होल' म्हणतात. खळगीभोंवतींचें गवत गालिच्यासारखें बारीक कापलेलें असतें. त्यास 'ग्रीन' ही संज्ञा आहे. असे अठरा होल पुरे झाले म्हणजे एक डाव झाला. अठरा होलांची लांबी सहा ते सात हजार यार्ड असते, म्हणजे नाकासमोर चाललें तरी साडेतीन-चार मैल. आणि चेंडू नाकासमोर जाईल तर तो गोल्फचा चेंडू कसला? तो झुडपांत जातो, वाळूच्या खड्ड्यांत जातो, पाण्यांत जातो, आणि मागोमाग खेळणाऱ्यास जावें लागतें. एका डावास चार तास सहज लागतात. पुढें मंडळी जास्त असली तर अधिक. त्यांत मैदानावर जाणें, येणें, कपडे बदलणें आणि झालेल्या चुकांचें मित्रांजवळ वर्णन करणें हें सर्व मिळविलें म्हणजे सकाळीं आठास गेलेला गृहस्थ दुपारीं तीनास घरीं उगवतो. आठवड्यांतून एकच मोकळा दिवस ज्यास मिळतो, त्यानें तो असा खर्चावा कीं नाहीं, हा प्रश्न कोणत्याहि प्रपंचांत उत्पन्न होणारच. सूनबाईंनीं तो शब्दांत विचारला नाहीं, पुतण्यानें त्याचें उत्तर शब्दांत दिलें नाहीं, एवढाच काय तो विशेष.

एडिंबरो शहराच्या पोटांत 'मेडोज' नांवाचें मोठें सार्वजनिक उद्यान असून त्याच्या नैर्ऋत्येस लागूनच 'ब्रंट्सफील्ड लिंक्स' नांवाचें गवताळ माळरान आहे. तेथें पूर्वीं दगडाच्या खाणी होत्या. खाणी बंद पडल्या, खड्ड्यांवर गवत चढलें आणि आतां त्या जागीं मऊ मऊ उंचवटे व खोलगटें तयार झालीं आहेत. वर उभें राहिलें कीं समोर किल्ला दिसतो. सतराव्या शतकापासून या माळावर गोल्फ खेळला गेला आहे. पुढें शहर वाढलें, सभोंवतीं घरें झालीं, वाटा पडल्या. तेव्हां जुन्या प्रतिष्ठित गोल्फ-मंडळ्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शहराबाहेरच्या मोकळ्या जागा पाहून चालत्या झाल्या. मोठा गोल्फ गेला. परंतु लहान गोल्फ राहिला. उन्हाळ्यांत येथें छत्तीस आंखूड होल असतात आणि हिंवाळ्यांत नऊ. होल इतके जवळ जवळ कीं, एका ग्रीनवरून दुसऱ्या ग्रीनवरच्या मनुष्यास हांक मारावी. दरवाजा नाहीं, कुंपण नाहीं, वर्गणी नाहीं; ज्याला खेळावयाचें असेल त्यानें यावें, पैसा पडत नाहीं. माळाच्या कडेस एक जुनें पानगृह आहे. त्याच्या पाटीवर १४५६ हें साल लिहिलेलें आहे. पाटीवरच्या सालाचा पुरावा मागण्याची पद्धत त्या देशींहि नसावी.

त्या माळावरून आम्ही सारे एका संध्याकाळीं फिरत होतों. तिकडे आषाढांत रात्रीं साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळें जेवणें आटोपून शतपावलीस निघालेल्या मनुष्यास अजून अर्धा दिवस बाकी असल्यासारखें वाटतें. दोन विद्यार्थिनी प्रत्येकीं दोनच काठ्या घेऊन खेळत होत्या. एक वृद्ध गृहस्थ कुत्र्याची दोरी एका हातांत व काठी दुसऱ्या हातांत धरून चालले होते. फटका मारण्याच्या वेळीं दोरीवर पाय ठेवीत. सात वर्षांच्या आमच्या नातवानें बापाला विचारलें, "बाबा, तुम्हांला येतं हें?" पुतण्यानें मान न वळवितां उत्तर दिलें, "हा खरा गोल्फ नव्हे रे."

त्या वाक्यांतील स्वर आम्हीं तत्काळ ओळखला, कारण तो आमचाच होता. त्याची हकीकत सांगतांना आम्हांस आनंद होतो असें नाहीं.

तीस वर्षांपूर्वीं टपालखात्यांतील एक कारकून आमच्या ओटीवर येऊन बसले. वय पस्तिशीच्या आसपास, घरीं तीन मुलें, आईचें दुखणें. म्हणाले, "गुरुजी, संस्कृत शिकावें अशी लहानपणापासून इच्छा आहे. कचेरी सुटल्यावर रोज अर्धा तास मिळेल." आम्हीं तेव्हां पाठशाळेंतल्या आमच्या अध्ययनाच्या अभिमानांत होतों. आम्हीं म्हटलें, "अहो, व्याकरणाला बारा वर्षें लागतात. अर्ध्या तासांत सोंवळेंसुद्धां वाळत नाहीं." ओटीवर आणखी दोघे-तिघे होते, ते हंसले. कारकुनांनीं पायांत वहाणा घातल्या आणि पायऱ्या उतरून गेले. पुन्हां आले नाहींत.

आणि हें सांगणारे आम्ही कोण? ज्याचा व्याकरणांत प्रवेशच मुळीं लघुकौमुदीनें झाला तो! पाणिनीचीं सूत्रें जवळजवळ चार हजार. भट्टोजी दीक्षितांनीं त्यांची नवी मांडणी करून सिद्धान्तकौमुदी रचिली. तीहि लहान मुलांस जड जाते असें पाहून, सतराव्या शतकांत वरदराज पंडितांनीं तिची मध्यकौमुदी केली आणि मग आणखी आंखडून लघुकौमुदी केली. तींत सूत्रें बाराशेंहून कांहीं अधिक. परंतु संज्ञा आहेत, सन्धि आहेत, सुबन्त-तिङन्त आहेत, समास आहेत. शास्त्राचा जीव कोठें तुटलेला नाहीं. लघुकौमुदीला 'हें खरें व्याकरण नव्हे' असें कोणी पंडित म्हणेल तर आम्हीं त्यास वेडा म्हणूं. मग कारकुनाच्या अर्ध्या तासानें आमचें काय बिघडविलें होतें?

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं आम्हीं पुतण्यास सांगितलें कीं, आम्हांस हा खेळ शिकावयाचा आहे. वडील माणसाची आज्ञा मोडण्याची संवय त्या मुलास अजून लागलेली नाहीं. त्यानें पिशवींतून दोन काठ्या काढल्या, पंच्यानें पुसल्या. एक चेंडू उडविण्याची, दुसरी ग्रीनवर घरंगळविण्याची. सूनबाई दारांत उभ्या राहून पाहत होत्या. बोलल्या कांहीं नाहींत; नातवाला कानटोपी मात्र स्वतः घातली, कारण आषाढ असला तरी तो स्कॉटलंडचा आषाढ होता.

आमचा पहिला फटका चेंडूस लागलाच नाहीं. दुसऱ्या फटक्यानें मातीचें ढेंकूळ चेंडूपेक्षां लांब गेलें. नातवानें सहा फटक्यांत खळगी गांठली आणि माळावर नाचला. पुतण्यानें पहिला चेंडू सहज उडविला तो ग्रीनच्या पलीकडे जाऊन पडला. दुसऱ्या होलावर अलीकडेच थांबला. तिसऱ्या होलापासून पुतण्या बोलेनासा झाला. खालीं बसे, गवताचा उतार पाही, उठे, पुन्हां बसे. इस्पितळांतून आल्यावर ज्या कपाळावर आठ्या असत त्याच कपाळावर आठ्या होत्या, पण या निराळ्या. नऊ होल खेळून आम्ही घरीं परतलों तेव्हां घड्याळांत एक तासहि पुरा झालेला नव्हता, आणि नातवाची निजण्याची वेळ टळली नव्हती.

त्या रात्रीं आम्हांस झोंप येईना, म्हणून आम्हीं एका पाकिटाच्या पाठीवर थोडा हिशेब मांडला. तो वाचकांपुढें ठेवितों. मोठ्या मैदानाच्या अठरा होलांस कुशल खेळाडूचे बहात्तर फटके ठरविलेले असतात. त्यांत प्रत्येक ग्रीनवर दोन घरंगळते फटके धरिलेले असतात. म्हणजे अठरा दुणे छत्तीस, सबंध खेळाचा बरोबर अर्धा भाग, खळगीपासून कांहीं पावलांच्या आंतच होतो! आतां लहान मैदान घ्या. तेथें प्रत्येक होलास तीन फटके ठरीव : एक ग्रीनवर पोंचण्याचा, दोन ग्रीनवरचे. अठरा त्रिक चोपन्न. जमीन मोजली तर सात हजार यार्डांवरून फार तर दोन हजारांवर आली, म्हणजे तीन-चतुर्थांशाच्या जवळपास गळाली. पण फटके मोजले तर बहात्तरांतून अठराच गळाले, म्हणजे एक-चतुर्थांश. जें गेलें तें मुख्यतः चालणें. अचूकपणा, धीर, उताराची पारख आणि शेवटच्या दोन हातांवर चेंडू खळगीस वळसा घालून पुढें गेल्यावर मन शांत ठेवणें, हा सगळा भाग जागच्या जागीं शिल्लक! पुतण्यास सकाळीं हें पाकीट दाखविलें. त्यानें दोनदां वाचलें आणि खिशांत घातलें.

बरें, अठरा हा आंकडा तरी वेदांतून आला आहे काय? आम्हांस आपलीं अठरा पुराणें आणि गीतेचे अठरा अध्याय आठवून प्रथम तसें वाटलेंहि. परंतु चौकशी करितां आढळलें तें असें. एडिंबरोजवळच्या लीथच्या माळावर जे लोक खेळत, त्यांनीं १७४४ सालीं खेळाचे तेरा नियम लिहून काढिले. त्या माळावर होल अवघे पांच. प्रेस्टविक येथें बारा होल होते, आणि १८६० सालीं 'ओपन' या जगप्रसिद्ध स्पर्धेचा पहिला सामना तेथेंच त्या बारा होलांच्या तीन फेऱ्या एकाच दिवसांत खेळून झाला. खेळणारे आठ असामी. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर एक डाव बावीस होलांचा असे. १७६४ सालीं तेथील मंडळींस आरंभींचे चार होल फारच आंखूड वाटले, म्हणून त्यांचे दोन केले. जातांना दोन कमी, येतांना दोन कमी, राहिले अठरा. पुढें सेंट अँड्र्यूजचें वजन वाढलें तसा तो आंकडा सर्वत्र रूढ झाला. म्हणजे ज्यास आम्ही शास्त्र समजत होतों ती एका गांवची वहिवाट होती! ॲरन बेटावर शिस्किन म्हणून मैदान आहे. तेथें अजूनहि बाराच होल आहेत आणि त्यांत कोणास न्यून वाटत नाहीं.

वेळेची तक्रार तर याहून जुनी. या खेळाचा स्कॉटलंडच्या लेखांत पहिला उल्लेख आढळतो तो स्तुतीचा नव्हे, बंदीचा. दुसऱ्या जेम्सच्या अमदानींत १४५७ सालीं तेथील पार्लमेंटानें फुटबॉल आणि गोल्फ दोन्ही बंद केले, कारण लोक धनुर्विद्येचा अभ्यास टाकून त्यांतच गुंतूं लागले होते. १४७१ त तेंच, १४९१ त पुन्हां तेंच. ज्याच्या कारकीर्दींत ही तिसरी बंदी झाली त्याच चौथ्या जेम्सनें १५०२ सालीं पर्थ येथील एका कारागिराकडून स्वतःसाठीं गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या. आणि तो कारागीर धंद्यानें कोण, तर धनुष्यें करणारा! आम्हीं हें सांगितलें तेव्हां सूनबाई मोकळेपणानें हंसल्या. त्या घरीं आल्यापासून आम्हीं ऐकिलेलें त्यांचें तें पहिलें हसूं.

एके दिवशीं आम्ही सारे आगगाडीनें आणि पुढें बसनें सेंट अँड्र्यूजला गेलों. त्या गांवचा एक रिवाज आमच्या मनांत भरला : रविवारीं तें जगद्विख्यात मैदान खेळास बंद असतें, आणि गांवचे लोक मुलाबाळांसह त्यावर खुशाल फिरावयास जातात. त्या मैदानाजवळ दुसरें एक अगदीं छोटें मैदान आहे. त्याचें नांव हिमालय! जमीन चढउतारांची, म्हणून तें नांव पडलें. येथें चेंडू उडवावयाचा नाहीं. नुसता घरंगळवीत खळगींत न्यावयाचा. तें १८६७ सालीं स्थापन झालेल्या स्त्रियांच्या मंडळाचें आहे. काठी खांद्याच्या वर उचलून मारणें कुलीन स्त्रीस शोभत नाहीं असें त्या काळच्या साहेब लोकांचें मत होतें. म्हणून स्त्रियांस हा उंचसखल तुकडा मिळाला. दिली ती उरलीसुरली जागा, आणि तिच्यावर चाललेलें मंडळ दीडशें वर्षें उलटून गेलीं तरी चालू आहे. आतां तेथें कोणीहि अल्प मोबदला देऊन खेळूं शकतो.

आमचें कुटुंब म्हणालें, "अहो, एवढें तर मलाहि येईल." आणि आलें! लुगड्याचा पदर खोंचून त्यांनीं तिसऱ्याच खळगींत एका फटक्यांत चेंडू घातला. तोहि बारा-तेरा हातांवरून, मध्यें टेंकाड असतां. आम्हांस त्या खळगीस पांच फटके लागले. विचारतां म्हणाल्या, "सागरगोटे खेळणाऱ्या बायकांना हात कुठें थांबवायचा तें कळतं." त्या दिवशींचा आमचा एकंदर आंकडा आम्ही येथें देत नाहीं.

जवळच्या नॉर्थ बेरिक गांवीं मुलांसाठीं नऊ होलांचें निराळें मैदान आहे. तेथील नियम असा कीं, मोठ्या माणसास खेळावयाचें तर त्यानें बरोबर मूल आणिलें पाहिजे. मूल नसेल तर प्रवेश नाहीं. नातवानें हें ऐकून बापाकडे जें पाहिलें तें पाहण्यासारखें होतें. पुढील शनिवारीं ते दोघेच तिकडे गेले. आम्ही मुद्दाम पाय दुखत असल्याचें निमित्त केलें.

पुतण्याची बाजूहि मांडली पाहिजे. तो म्हणतो, "काका, हिशेब बरोबर आहे, पण मोठ्या मैदानावर चेंडू अडीचशें यार्ड आकाशांतून जातो तो क्षण यांत नाहीं." नाहींच. लघुकौमुदीवर थांबणाऱ्यास महाभाष्याची गोडी कळत नाहीं, हें आम्हीहि मान्य करूं. शिवाय सार्वजनिक माळावर वाटा असतात, माणसें असतात. मारणाऱ्यास पदोपदीं थांबावें लागतें. आयर्लंडांत यावर एक तोड काढलेली आढळते. तेथें 'पिच अँड पट' नांवाचा खेळ या आंखूड गोल्फांतूनच वाढला असून त्याचे स्वतंत्र नियम आहेत. होल नव्वद मीटरांहून लांब नसावा आणि काठ्या तीनच असाव्या.

अमेरिकेंतहि हल्लीं अशा मैदानांचें पेंव फुटलें आहे. ऑगस्टा येथील सुप्रसिद्ध क्लबानें १९५८ सालीं आपल्या मोठ्या मैदानाशेजारीं नऊ आंखूड होल बांधले. १९६० पासून मोठ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशीं, बुधवारीं, तेथें लहान स्पर्धा होते आणि जगांतले अव्वल खेळाडू आपल्या चिमुकल्या मुलांच्या हातीं काठ्या देऊन खेळतात. या बुधवारचा विजेता त्याच आठवड्यांत मोठी स्पर्धा जिंकत नाहीं, असा तेथें समज आहे. २०२५ पर्यंत तरी तो खोटा ठरलेला नव्हता. पाइनहर्स्ट येथें २०१७ सालीं 'क्रेडल' म्हणजे पाळणा या नांवाचें नऊ होलांचें मैदान झालें. त्याची सबंध लांबी ७८९ यार्ड. ऑरेगन प्रांतांत बँडन येथें २०१२ सालीं झालेल्या मैदानावर तेरा होल आहेत. जागेंत तेरा बसले म्हणून तेरा! हें मोकळें मन आम्हांस आवडलें. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हीं मैदानें मोठ्या विश्रामस्थानांच्या आवारांत आहेत. तेथवर जाणें, तेथें उतरणें हें ज्यास परवडतें त्याचाच वेळ तेथें वांचतो. ब्रंट्सफील्डचा माळ वेळहि वांचवितो आणि पैसाहि, आणि ज्याच्यापाशीं दोहोंची टंचाई त्यासच तर सोय हवी असते. आमच्या मतें लहान मैदानाची थोरवी अमेरिकेनें नव्हे, त्या खाणीच्या खड्ड्यांनीं जपली आहे.

आपल्या देशांत हा खेळ जुना आहे. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांबाहेर त्याहून जुना चालू क्लब नाहीं. परंतु तो येथें छावण्यांत आणि क्लबांच्या भिंतींआड वाढला आणि बव्हंशीं तेथेंच राहिला. आमच्या मैदानाचें नांव लोकांच्या तोंडीं राहिलें आणि खेळ राहिला नाहीं, याचें कारण उघड आहे. शेंसव्वाशें एकरांचा खेळ भरवस्तींत टिकणार कसा? आणि उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्यास टँकर लागतो तेथें एवढें गवत हिरवें ठेवा असें आम्ही तरी कोणत्या तोंडानें म्हणावें?

आम्ही परत येऊन आतां सहा महिने झाले. पुतण्याच्या घरची पिशवी कपाटांतून निघून दाराशेजारच्या खुंटीखालीं आली आहे, असें सूनबाईंनीं कुटुंबास फोनवर कळविलें. हिंवाळ्यांत तिकडे चारच्या सुमारास अंधार पडतो आणि माळावर नऊच होल असतात. तरी शनिवारीं दुपारीं तिघे जातात. तिघे, हें त्यांनीं दोनदां सांगितलें.

त्या टपालखात्यांतल्या कारकुनांचा शोध करण्याचें आम्हीं मनांत आणिलें होतें, पण धीर होत नव्हता. मार्गशीर्षांत एका संध्याकाळीं गोल्फ क्लबच्या मैदानावर चालत असतां ते समोरूनच आले. आम्हीं ओळखलें, त्यांनीं ओळखलें नाहीं. नांव सांगितल्यावर हात जोडून उभे राहिले. त्या दिवशींचें बोलणें आम्हीं काढलें, तर म्हणाले, "मला आठवतं, गुरुजी. घरीं जाऊन मुलांच्या पुस्तकांत लघुकौमुदी ठेवून दिली. विकत घेऊन आलों होतों मी." आम्हीं म्हटलें, आतां येत जा, आतां तरी वेळ आहे. ते हंसून म्हणाले, "वेळ पुष्कळ आहे हो. डोळे नाहींत. मोतीबिंदू पिकायचा आहे, साखर आहे, डॉक्टर थांबा म्हणतात."

सूत्रें डोळ्यांनीं वाचलींच पाहिजेत असें नाहीं. आमच्या गुरुजींनीं आम्हांस तीं तोंडींच सांगितलीं होतीं. मैदानाच्या दोन फेऱ्यांना आमच्या दोघांच्या चालीनें अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. संज्ञाप्रकरण पौषांत आटोपलें, यण् झाला, सध्यां अयादि चालू आहेत. काल ते एका उदाहरणावर अडले आणि चालतां चालतां थांबले. मागून पळत येणारा एक मुलगा आमच्यावर आदळतां आदळतां वांचला.